वेरूळ-अजिंठ्याच्या आधी सोनेरी महाल

छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या पाहुण्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी देवगिरी, वेरूळ आणि परतताना बीबी का मकबरा. दुसऱ्या दिवशी अजिंठा. तिसऱ्या दिवशी पैठणी किंवा हिमरूची खरेदी आणि संध्याकाळची गाडी. यात वस्तुसंग्रहालयाला जागा मिळालीच तर ती उरलेल्या वेळेतली असते: गाडीला अजून दोन तास आहेत, चला, जवळच आहे तर बघून घेऊ. शहरात जन्म काढलेल्यांचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. पाहुण्यांना वेरूळ दाखवून दाखवून तोंडपाठ झालेले असते, पण हे संग्रहालय ज्यात आहे त्या सोनेरी महालाच्या आत पाऊल टाकलेले नसते.

माझे सांगणे एवढेच आहे की हा क्रम उलटा करा. पहिला दिवस संग्रहालयाला द्या आणि लेण्यांकडे नंतर जा.

वेरूळच्या कैलास लेण्यात शिरलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत दिपून जातो आणि पुढचा सगळा वेळ तसाच राहतो. मूर्ती उंचावर असतात, बऱ्याच अंधारात असतात, मागून गर्दी येत असते आणि गाइडला पुढच्या लेण्याची घाई असते. संग्रहालयात एक मूर्ती तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर, हातभर अंतरावर, उजेडात उभी असते आणि तिच्यासमोरून तुम्हाला कोणी ढकलत नाही. हातात काय धरले आहे, पायाशी कोण बसले आहे, पाठ कोरली आहे की सपाट सोडली आहे, हे इथे सावकाश पाहता येते. इथे बसलेली नजर दुसऱ्या दिवशी लेण्यात कामाला येते. उलट क्रमाने गेलात, तर अजिंठा-वेरूळ पाहून थकलेल्या डोळ्यांना दालनातल्या मूर्ती लहान आणि मोडक्या वाटतात आणि अर्ध्या तासात माणूस बाहेर पडतो.

महाल हीच पहिली वस्तू

सोनेरी महाल शहराच्या वायव्य टोकाला, पहाडसिंगपुऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, बीबी का मकबरा आणि औरंगाबाद लेणी हे सगळे याच कोपऱ्यात, एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत येते. म्हणून एका दिवसाची आखणी सोपी होते. पाणचक्की किंवा मकई दरवाजाकडून विद्यापीठाच्या दिशेने रिक्षा सहज मिळते. रिक्षावाल्याला नुसते ‘म्युझियम’ म्हणू नका, ‘सोनेरी महाल’ म्हणा. वेरूळ-अजिंठा महोत्सवाचे कार्यक्रम याच महालाच्या आवारात झालेले असल्याने नाव सगळ्यांना माहीत असते.

औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेल्या बुंदेलखंडच्या पहाडसिंग या सरदाराने 1651 ते 1653 या काळात हा महाल बांधला. भिंतींवर पूर्वी सोन्याच्या रंगातली चित्रे होती, त्यांवरून हे नाव पडले. आज त्यांतले फार काही उरलेले नाही. राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे प्रादेशिक वस्तुसंग्रहालय इथे आहे आणि खुद्द महाल राज्य संरक्षित स्मारक आहे.

आत जाण्याची घाई करू नका. आधी समोरून उभे राहून उंच जोते, कमानी आणि राजपूत धाटणीची दुमजली बांधणी पाहून घ्या. हा महाल एकटा नाही, हेही लक्षात ठेवा. मोगलांच्या चाकरीत इथे तळ ठोकून राहिलेल्या उत्तरेकडच्या सरदारांची नावे या शहराच्या पुऱ्यांना आजही आहेत. नवरात्रात जिथे देवीची जत्रा भरते तो कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा. पदमपुरा त्याचा मुलगा पदमसिंह याचा. पहाडसिंगपुरा या बुंदेल्याचा. मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेल्या खडकी या मूळ गावावर हा राजपूत थर चढला आणि त्या सरदारांबरोबर त्यांचे चित्रकार, कारागीर आणि आवडीनिवडीही आल्या. दख्खनी लघुचित्रांच्या इतिहासात या शहराचे नाव येते ते यामुळेच. महाल पाहताना हे मनात असले, तर आतल्या मूर्तींच्या कितीतरी आधी तुमचे बघणे सुरू झालेले असते.

सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात आणि सणांच्या, राष्ट्रीय सुट्ट्यांच्या दिवशीही. दुरुस्तीसाठी एखादे दालन बंद ठेवलेले असू शकते. निघण्यापूर्वी फोन करून वेळ आणि तिकीट यांची खात्री करून घ्यावी. एप्रिल-मे मध्ये सकाळी उघडताच पोहोचावे, कारण दुपारचे ऊन मराठवाड्याचे आहे. 14 जानेवारीला विद्यापीठाच्या नामविस्तार दिनी विद्यापीठ गेटवर महाराष्ट्रभरातून लोक अभिवादनाला येतात. 1994 साली याच दिवशी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. त्या दिवशी यायचे असेल तर त्या अभिवादनासाठीच या, संग्रहालय दुसऱ्या दिवशी ठेवा.

आधी मूर्ती, मग पाटी

आत गेल्यावर सगळी दालने एकदा झपाझप फिरून या. थांबू नका. कुठे काय आहे हे कळले की त्यातल्या पाच-सहा वस्तू निवडा आणि फक्त त्यांच्याकडे परत जा. प्रत्येक शोकेससमोर दहा सेकंद थांबणाऱ्याला घरी गेल्यावर काहीच आठवत नाही.

पाटी नंतर वाचा. पाटीवर ‘विष्णू, दगड, 12 वे शतक’ असे लिहिलेले असते आणि ते वाचले की डोळे काम थांबवतात. आधी स्वतः ठरवा: हे कोण आहे, कशावरून?

मराठवाड्यात यादवकाळातल्या विष्णुमूर्ती पुष्कळ सापडतात, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून करायला हरकत नाही. संध्येत केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः अशी जी 24 नावे येतात, ती सगळी चतुर्भुज विष्णूचीच रूपे. चेहरा, मुकुट, उभे राहण्याची ढब जवळपास सारखीच असते. फरक असतो तो शंख, चक्र, गदा आणि पद्म कोणत्या हातात आहे एवढाच. मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करायची, म्हणजे आपल्याला डावीकडे दिसणाऱ्या. मग उजवा वरचा, मग डावा वरचा, शेवटी डावा खालचा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. पद्म, गदा, चक्र, शंख असा आला तर त्रिविक्रम. काही रूपांबद्दल ग्रंथाग्रंथांत मतभेद आहेत, म्हणून वहीत आधी क्रम लिहून घ्यावा आणि नाव घरी शोधावे. ज्या मूर्तीसमोरून एरवी तुम्ही ‘विष्णू’ म्हणून पुढे गेला असता, तिच्यासमोर या हिशेबाने पाच मिनिटे सहज जातात आणि तेवढ्यात कंबरपट्ट्याची नक्षी, पायाशी बसलेला गरुड, प्रभावळीतले बारके दशावतार दिसू लागतात.

मूर्तीच्या मागे जाता येत असेल तर जरूर जा. पाठ ओबडधोबड सोडलेली असेल तर ती बहुधा भिंतीत किंवा कोनाड्यात बसवलेली होती. पाठही नीट घडवलेली असेल तर तिला सगळीकडून पाहिले जाईल हे मूर्तिकाराने धरलेले होते. खाली पीठात बसवण्यासाठी कूस ठेवलेली दिसते का, तेही पाहा. बहुतेक दगड आपल्या पायाखालचाच, सह्याद्रीचा काळा बेसाल्ट. कठीण आहे, पण त्यावर दागिन्याचा एकेक मणी वेगळा काढलेला असतो. टाकीच्या खुणा कुठे पुसल्या आहेत आणि कुठे तशाच ठेवल्या आहेत, यावरून कारागिराने कशाला महत्त्व दिले ते समजते.

नाक किंवा हात तुटलेला दिसला की प्रत्येक गटात कोणीतरी लगेच ‘आक्रमकांनी फोडले’ असे जाहीर करतो. काही मूर्ती तशा फुटल्या आहेत, हे खरेच. पण देऊळ पडताना, विहिरीतून काढताना, नांगराच्या फाळाने, बैलगाडीतून आणताना फुटलेल्याही असतात. पुढे आलेला भाग कोणत्याही अपघातात आधी तुटतो. मूर्ती कुठे आणि कशी सापडली हे कळल्याशिवाय निकाल देऊ नये, मुलांसमोर तर नाहीच.

बुद्ध आणि तीर्थंकर यांच्यातला गोंधळ तर जवळजवळ प्रत्येकाचा होतो. बुद्धाच्या अंगावर चीवर असते. ते इतके तलम कोरलेले असू शकते की फक्त गळ्याशी किंवा घोट्याशी त्याची कड दिसते. दिगंबर तीर्थंकराच्या अंगावर वस्त्र नसते, छातीवर श्रीवत्साचे चिन्ह असू शकते आणि कोणता तीर्थंकर हे आसनावरच्या लांछनावरून कळते. डोक्यावर सात फण्यांचा नाग असेल तर पार्श्वनाथ. खांद्यावर केसांच्या बटा रुळत असतील तर ऋषभनाथ. या दोन-तीन खुणा पक्क्या झाल्या की वेरूळच्या शेवटच्या टोकाची जैन लेणी, जिथवर बहुतेक पाहुणे पोहोचतच नाहीत, तुमच्यासाठी उघडतात. तिथे पार्श्वनाथ आणि वेलींनी वेढलेला बाहुबली ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते.

रांगेत बसलेल्या सात स्त्रिया दिसल्या तर त्या सप्तमातृका. पायाशी पाहा: हंस ब्राह्मीचा, नंदी माहेश्वरीचा, मोर कौमारीचा, गरुड वैष्णवीचा, हत्ती ऐंद्रीचा. वाराही तोंडावरून ओळखू येते आणि हाडांचा सापळा झालेली चामुंडा कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. एका टोकाला वीरभद्र किंवा शिव, दुसऱ्या टोकाला गणपती. मांडीवर किंवा शेजारी लहान मूल असते, त्याकडे विशेष लक्ष द्या. वेरूळच्या चौदाव्या आणि एकविसाव्या लेण्यात याच बायका मोठ्या आकारात भेटतील आणि ओळखीच्या वाटतील.

वीरगळ मात्र मला संग्रहालयापेक्षा गावाच्या वेशीवरच बघायला आवडतो. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत तो मारुतीच्या देवळाबाहेर शेंदूर लावून उभा असतो. पण तो वाचायचा कसा, हे संग्रहालयात शिकून घ्यावे. खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पळवलेली गुरे आणि पडलेला वीर. मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर ही कीर्ती राहो. शेजारी बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात कोरलेली शिळा असेल तर ती सतीची.

नखाएवढ्या गोष्टी

लोक मोठ्या मूर्तींजवळ थांबतात आणि नाणी, मणी, मातीच्या बाहुल्या यांच्या शोकेस ओलांडून जातात. मराठवाड्याच्या बाबतीत ही मोठीच हानी आहे, कारण इथला सगळ्यात जुना आणि सगळ्यात दूरवर पसरलेला इतिहास या बारक्या वस्तूंत आहे.

पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. तेर म्हणजे तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत दोन्ही गावांची नावे आहेत. जालना जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या लोकांची नावे कोरलेली आहेत. या गावांतून माल पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांकडे जात होता आणि तिकडून रोमन जगातला माल व तिथल्या आवडी इकडे येत होत्या. पांढरट केओलीन मातीच्या, दोन साच्यांत घडवून जोडलेल्या पोकळ बाहुल्या या भागात सापडतात. त्यांच्या केसांची ठेवण, कानातली, चेहऱ्यावरचे हसू जवळून पाहा. सातवाहनांच्या नाण्यांवर हत्ती आणि चार वर्तुळांना जोडणारे ते ‘उज्जैन चिन्ह’ शोधा. बरीच नाणी शिसे आणि पोटीन या कमी मोलाच्या धातूंची आहेत, म्हणजे रोजच्या बाजारात हातोहात फिरलेली. एक साधे भिंग बरोबर असावे. परवानगी विचारून वापरावे, काचेला टेकवू नये.

भोकरदनची एक गोष्ट सांगायलाच हवी. नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचे मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून तिथे 1973 च्या सुमारास उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते या दोघांनी ते चालवले. तिथे हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचा अवशेष मिळाला. तेरलाही तशाच धाटणीची हस्तिदंती बाहुली सापडली आहे. आणि 1938 साली इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेतून जी भारतीय हस्तिदंती स्त्रीप्रतिमा निघाली, जी आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे, तिच्याशी या दोघींचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. व्हेसुव्हियस इ.स. 79 मध्ये फुटला, म्हणजे ती बाहुली त्याच्या आधीच तिकडे पोहोचलेली होती. कोणत्या गावच्या कारागिराने ती घडवली, हे ठामपणे म्हणता येत नाही. तरी भोकरदन आणि तेर ही नावे जगातल्या त्या चर्चेत कायम घेतली जातात, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

या बारक्या वस्तूंसाठी विद्यापीठाच्या इतिहास विभागाचे वस्तुसंग्रहालय जोडून पाहावे. मराठवाड्यातल्या उत्खननांतून आणि सर्वेक्षणांतून आलेले साहित्य तिथे आहे. ते चालू विभागाच्या आवारातले आहे, म्हणून कामाच्या दिवशी, शक्यतो आधी विचारून जावे. अभ्यासू विद्यार्थी भेटला तर तासभर सहज जातो.

महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालय वेगळ्या दिवसासाठी ठेवा. तिथे शस्त्रे, भांडी, पोशाख अशा घरातल्या आणि रणांगणावरच्या वस्तू आहेत. साखळी चिलखत, जुनी पैठणी आणि औरंगजेबाच्या हातची म्हणून ओळखली जाणारी कुराणाची प्रत या तिथल्या नावाजलेल्या गोष्टी. चिलखताच्या एकेका कडीकडे पाहा आणि ते अंगावर घेऊन घोड्यावर बसणाऱ्याच्या खांद्यांचा विचार करा. पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच विणलेला असतो, तो पाहून मगच दुकानात जा. खरेदीत फसगत कमी होते.

मुले, फोटो, वही

मुलांना सगळे दाखवायला नेऊ नका, एकेक काम देऊन न्या. एकाने फक्त वाहने शोधायची. दुसरीने फक्त केशरचना. तिसऱ्याने एकच मूर्ती कागदावर काढायची. पेन्सिल द्या, शाईचे पेन नको. आजी-आजोबा बरोबर असतील तर पायऱ्या लक्षात घेऊन त्यांच्यासाठी तळमजल्यावर दोन वस्तू आधीच ठरवून ठेवा. पूजेतल्या मूर्ती ओळखण्यात त्यांच्याइतके पटाईत घरात कोणी नसते, त्यांनाच नातवंडांना सांगू द्या.

दगडी मूर्तीवर फुले-हळदकुंकू वाहण्याचा, पायांना हात लावण्याचा मोह होतो. भाव समजतो, पण हाताचे तेल आणि घाम दगडात मुरतात. हात जोडावेत, लावू नयेत. फोटोची परवानगी आधी विचारावी आणि फ्लॅश कुठेच वापरू नये. चित्रे, कापड आणि हस्तलिखिते यांचे रंग प्रकाशाने कायमचे उतरतात. अजिंठ्याच्या चित्रांनाही हाच नियम आहे.

दालनातल्या परिचरांशी बोला. बरेच जण वर्षानुवर्षे तिथे आहेत आणि कोणती मूर्ती कुठल्या गावाहून आली हे त्यांना पाटीपेक्षा जास्त माहीत असते. निघताना अभिप्रायाच्या वहीत नुसते ‘छान’ लिहू नका. कोणत्या शोकेसमधला दिवा बंद आहे, कुठल्या पाटीवर सापडल्याचे गाव नाही, मराठीत काय वाचायला मिळाले असते तर बरे झाले असते, हे नावानिशी लिहा.

त्याच दिवशी परीक्षा

दुपारी जेवून औरंगाबाद लेण्यांकडे जा. मकबऱ्याच्या मागे डोंगरात आहेत, पायऱ्या बऱ्याच चढाव्या लागतात, पाणी जवळ ठेवा. इथे वेरूळची गर्दी नसते. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले माणसाएवढे उपासक आहेत. त्यांची केशरचना आणि दागिने सकाळी पाहिलेल्या बारक्या बाहुल्यांशी ताडून बघा. दुसऱ्या गटातल्या सातव्या लेण्यात बाहेरच्या भिंतीवर अवलोकितेश्वर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेले लोक: आग, बुडणारे जहाज, हत्ती, सिंह, साप. त्यातले जहाज आधी शोधा. तगर आणि प्रतिष्ठानचा माल ज्या समुद्रावर जात होता, तिथल्या व्यापाऱ्यांचे भय त्यात आहे. आत वादक स्त्रियांच्या मधोमध नाचणारी नर्तकी आहे, तिच्यापाशी वेळ राखून ठेवा.

नंतर वेरूळ आणि अजिंठा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. म्हणून बुधवारी संग्रहालय आणि औरंगाबाद लेणी, गुरुवारी वेरूळ, शुक्रवारी अजिंठा ही आखणी सगळ्यात निर्धोक. एक दिवस हाती उरला तर पैठणला जा. तिथे बाळासाहेब पाटील शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय मुद्दाम वाट वाकडी करून पाहावे इतके मोलाचे आहे. पाटील आणि लामतुरे हे त्या त्या गावचे नागरिक. पावसाने उघडी पडलेली, लोकांनी फेकून दिली असती अशी खापरे, मणी, बाहुल्या त्यांनी जमवल्या आणि त्यांचे संग्रह पुढे शासनाकडे आले.

तुमच्या शेतात किंवा घराच्या पायात असे काही निघाले तर काय करायचे, हेही इथेच सांगतो, कारण मराठवाड्यात ही वेळ कोणावरही येऊ शकते. 1878 च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा दडलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. तहसील कार्यालयामार्फत ते करता येते आणि सापडणाऱ्याचा हक्क कायद्याने मानलेला आहे. लपवले तर तो हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, नाणे किंवा चित्र, तसेच 75 वर्षांपेक्षा जुने मोलाचे हस्तलिखित खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाकडे देवघरातली जुनी पितळी मूर्ती पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारा. सापडलेले नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नका, त्यावरची अक्षरे घासून जातात. ते कोरड्या कागदात ठेवा आणि कागदावर गावाचे नाव, गट नंबर, किती खोल सापडले आणि जवळ आणखी काय होते ते लिहा.